मॉड्यूल काढल्यावर काही क्षणांनी कर्नल पॅनिक: आरसीयू_बॅरियर (माझा अनुभव)

आरएममॉड (मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडलेला कोडचा तुकडा, काढून टाकणारी आज्ञा) बिनबोभाट पार पडायचं आणि जरा वेळाने लिनक्स कर्नल कोसळायचा. आरसीयू म्हणजे वाचणाऱ्यांचं काम संपेपर्यंत जुना डेटा मोकळा न करण्याची कर्नलची पद्धत; मोकळं करणारं फंक्शन (कॉलबॅक) तोवर रांगेत थांबतं. स्टॅक ट्रेसमध्ये (कोसळताना चालू असलेल्या फंक्शनांची यादी) आरसीयू_डू_बॅच, म्हणजे ते कॉलबॅक चालवणारं फंक्शन, आणि पत्ता काढून टाकलेल्या मॉड्यूलमधला. कधी व्हायचं, कधी नाही; डोकं पिकलं.

एक्झिट फंक्शनमध्ये (मॉड्यूल काढताना चालणारं) सिंक्रोनाइझ_आरसीयू घातलं, एमस्लीपही (नुसतं थोडा वेळ थांबणं). उपयोग शून्य. सिंक्रोनाइझ_आरसीयू फक्त ग्रेस पीरियड (आधीपासून वाचत असलेले सगळे संपेपर्यंतचा काळ) संपेपर्यंत थांबतं. रांगेतले कॉलबॅक चालून झाले की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. माझा कॉलबॅक मॉड्यूलच्याच कोडमध्ये होता, आणि त्याची पाळी येईपर्यंत तो कोडच गेलेला.

चाललं ते याच क्रमाने: आधी नवे कॉल_आरसीयू (कॉलबॅक रांगेत टाकणारे कॉल) येण्याच्या सगळ्या वाटा बंद (रजिस्ट्रेशन रद्द, टायमर_शटडाउन_सिंक, कॅन्सल_वर्क_सिंक). मग मॉड्यूलच्या यादीत उरलेल्या नोंदी काढून त्यांचं कॉल_आरसीयू. मग आरसीयू_बॅरियर: रांगेतले कॉलबॅक चालून होईपर्यंत हे थांबतं. त्यानंतरच केमेम_कॅश_डिस्ट्रॉय (नोंदींसाठीचा मेमरीचा साठा, म्हणजे कॅश, नष्ट करणं). कॉल_एसआरसीयू (वाचताना झोपू देणाऱ्या आरसीयूच्या प्रकाराचं) वापरत असाल तर एसआरसीयू_बॅरियर.

बॅरियरच्या वर कमेंट ठेवली: ‘नोंदी मोकळ्या करणारे कॉलबॅक इथे संपतात, ही ओळ कॅश नष्ट करण्याआधीच हवी, सिंक्रोनाइझ_आरसीयू पुरत नाही.’ नाहीतर कुणीतरी सफाईच्या नावाखाली ती उडवणारच.

कॉलबॅक केमॅलॉकने घेतलेली मेमरी नुसती केफ्री (मोकळी) करत असेल, तर सरळ केफ्री_आरसीयू वापरा. मॉड्यूलमधलं फंक्शनच लागत नाही.