सागरी पुरातत्त्वात एमए : पाण्यात किती, कागदावर किती

या विषयाकडे येणारे बहुतेक जण आधी डायव्हिंगचं विचारतात. त्याआधी वेळेचं गणित बघा. खोलवर अंगात मुरलेला वायू बाहेर पडावा म्हणून वर येताना थांबे घ्यावे लागतात; ते लागू नयेत एवढ्याच बेतानं, साध्या हवेच्या टाकीवर 18 मीटर खोलीला तासाभराच्या आसपास काम होतं. 30 मीटरला 20-25 मिनिटं. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ बुडालेलं उलुबुरुनचं प्राचीन जहाज 44 मीटरपासून खाली 61 मीटरपर्यंत पसरलेलं होतं. 1984 ते 1994 या काळात त्याच्या उत्खननाला 22 हजारांहून जास्त बुड्या लागल्या. तेव्हा कोणी काय मोजायचं हे बोटीवरच ठरवून घ्या, आणि एका बुडीत एकच काम. छंदाचं सर्टिफिकेट अभ्यासापुरतं चालतं; पगारी कामाला अनेक देशांत व्यावसायिक डायव्हरची वेगळी पात्रता लागते. आणि हो, पाण्यात न उतरता सोनार (ध्वनिलहरींनी तळाचं चित्र काढणारं यंत्र), लाकूड किंवा संवर्धन यांत आयुष्य काढणारेही या क्षेत्रात भरपूर आहेत.

खरा घाम मोजणीत निघतो. अवशेषांभोवती हलणार नाहीत असे स्थिर बिंदू ठोकायचे आणि प्रत्येक वस्तूचं अंतर त्यांतल्या निदान चारांपासून घ्यायचं. गणिताला तीन पुरतात, चौथा चूक पकडायला. बिंदू एका रेषेत ठोकले तर वस्तू रेषेच्या अलीकडे की पलीकडे, हे आकड्यांवरून कळतच नाही. प्रवाहात टेप धनुष्यासारखा वाकतो आणि अंतर जास्त भरतं, म्हणून लांब मापं टाळा. खोलीची चूक तर हमखास होते. सकाळची आणि दुपारची खोली एकाच तक्त्यात लिहिली, मध्ये भरतीनं पाणी मीटरभर चढलं, की सपाट फळीसुद्धा तिरकी दिसते. प्रत्येक खोलीशेजारी वेळ लिहा किंवा एका स्थिर बिंदूची खोली दर बुडीत पुन्हा घ्या. हे सगळं आधी मैदानात खुर्च्या मांडून करून बघा. जमिनीवर जे जुळत नाही ते खाली जुळणार नाही.

फोटोंवरून त्रिमितीय मॉडेल बनवणं आता सगळीकडे शिकवतात. लगतच्या फोटोंत 70-80 टक्के भाग सामायिक हवा. फ्लॅश लेन्सपासून लांब, बाजूला धरा, नाहीतर गढूळ पाण्यातले कण चमकून फोटो बर्फ पडल्यासारखा येतो. उथळ पाण्यात तळावर नाचणारी उन्हाची जाळी सॉफ्टवेअरला गोंधळवते. ढगाळ दिवस बरा. फोटोत मापपट्टी नसेल तर मॉडेलला आकार मिळतो, माप मिळत नाही. लांबलचक जहाजाचं मॉडेल केळ्यासारखं वाकतं. ते सरळ ठेवायला पुन्हा तेच टेपनं मोजलेले बिंदू लागतात.

लाकडाचा विषय घ्यायचाच, तो टाळून पदवी अर्धवट राहते. जोड, खुंट्या, हत्यारांचे वळ, सालीजवळचा कोवळा थर, सगळं नोंदवायचं. तो थर आणि साल शाबूत असेल तर खोडातल्या वाढीच्या वर्तुळांवरून झाड तोडल्याचं वर्षसुद्धा सापडू शकतं. नोंद होईपर्यंत लाकूड ओलं ठेवा. त्यातल्या पेशी पाण्याच्याच आधारावर उभ्या असतात. वाळलं की आकसून तडकतं आणि मग काही परत येत नाही. स्टॉकहोमच्या बंदरात बुडालेलं वासा हे जुनं लढाऊ जहाज 1961 मध्ये वर आलं, त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलची (लाकडातल्या पाण्याची जागा घेणाऱ्या मेणासारख्या रसायनाची) फवारणी 17 वर्षं चालली. एवढं करूनही बंदराच्या पाण्यातून मुरलेलं गंधक आणि गंजलेल्या बोल्टांचं लोह यांनी लाकडात आम्ल तयार होत असल्याचं पुढे लक्षात आलं. वस्तू वर काढणं हा शेवटचा पर्याय का धरतात, ते इथे कळतं. युनेस्कोच्या 2001 च्या करारानुसार निदान 100 वर्षं पाण्याखाली असलेल्या वारशाबाबत जागेवरच जतन हा पहिला विचार करायचा असतो, आणि त्यातून व्यापार चालत नाही.

प्रबंधाचा विषय निवडताना हवामान बिघडणार असंच धरा. परवानगीला महिने जातात, कोर्स बहुधा वर्षा-दोन वर्षांचा, आणि वादळी हंगामात एकही बुडी न मिळाल्यानं विषय कोसळतो. त्यापेक्षा संग्रहालयात नोंदीविना पडून असलेल्या फळ्या घ्या, किंवा आधीच केलेल्या सोनार सर्वेक्षणाची माहिती मिळवा. मात्र आकडे कुठल्या निर्देशांक पद्धतीत (नकाशावर जागा दाखवायच्या पद्धतीत) आहेत आणि कच्च्या फाइली मिळणार का, हे विषय नोंदवण्याआधी लेखी विचारून घ्या. नुसत्या छापील नकाशावर पुन्हा विश्लेषण करता येत नाही.