पुस्तकाच्या पाठीवरची स्तुती कशी वाचावी

मार्चअखेर जवळ आली की कोकणातल्या गावोगावच्या ग्रंथालयांत खरेदीची घाई सुरू होते. विक्रेत्याने आणलेल्या गठ्ठ्यातले प्रत्येक पुस्तक वाचून निवडणे शक्य नसल्यामुळे समितीचे सदस्य पुस्तक उलटे करून मलपृष्ठावरचा मजकूर वाचतात आणि त्यावरच निर्णय घेतात. रत्नागिरी, सावंतवाडी आणि चिपळूण येथे दीडशे वर्षांहून जुनी वाचनालये आहेत. इतकी जुनी वाचनपरंपरा असलेल्या प्रदेशात ग्रंथनिधीचा पैसा फुगवलेल्या विशेषणांवर खर्च व्हावा, हे मला मनापासून खटकते. म्हणून ही स्तुती कशी पारखावी, ते येथे सविस्तर सांगतो.

सर्वांत आधी मजकुराखाली नाव आहे का, ते पाहावे. नाव नसेल तर तो मजकूर प्रकाशकाकडून, आणि कित्येकदा स्वतः लेखकाकडून आलेला असतो, असे धरून चालावे. नाव असेल, तर ते मत नेमके कशाविषयी आणि केव्हा दिले होते, याचा शोध घ्यावा. अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमन याला त्या काळचा नामवंत निबंधकार इमर्सन याने १८५५ साली एक खाजगी पत्र लिहून त्याच्या पहिल्या संग्रहाचे कौतुक केले होते. व्हिटमनने त्या पत्रातले एक वाक्य १८५६ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या कण्यावर इमर्सनची परवानगी न घेता सोनेरी अक्षरांत छापले. त्या आवृत्तीत अनेक नव्या कविता होत्या आणि पत्र लिहिताना त्या इमर्सनसमोर नव्हत्या. एका पुस्तकाची स्तुती दुसऱ्याच्या अंगावर चढवण्याचा हा प्रकार आजही चालतो, म्हणून अभिप्रायाखाली साल नसेल तर त्याचे वजन निम्मे समजावे.

त्यानंतरची कसोटी मला सर्वांत भरवशाची वाटते, ती अशी की स्तुतीच्या वाक्यातून पुस्तकाचे नाव काढून तेच वाक्य दुसऱ्या एखाद्या पुस्तकाला लावून पाहावे. ‘कोकणच्या लाल मातीचा गंध आणि समुद्राची गाज पानापानांतून जाणवणारी, वाचकाला अंतर्मुख करणारी, मराठी साहित्यात मैलाचा दगड ठरणारी कादंबरी’ या नमुन्याचे वाक्य कोणाही वाचकाच्या ओळखीचे असेल. हे वाक्य देवगडच्या बागायतदारावरच्या कादंबरीला चालते, मुंबईहून गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यावरच्या कादंबरीला चालते, आणि ‘कादंबरी’ ऐवजी ‘आत्मकथन’ लिहिले तर आत्मकथनालाही चालते. लाल माती आणि गाज ही तर प्रदेशाची ओळख झाली, त्यात लेखकाचे कर्तृत्व ते काय? ‘अंतर्मुख’ हा वाचकावर होणाऱ्या परिणामाचा दावा आहे, पण तो परिणाम कशामुळे होतो याचा पत्ता नाही. आणि मैलाचा दगड कोणता, हे पुढची पिढी ठरवते. छपाईच्या आठवड्यात ते कोणालाही ठरवता येत नाही. एवढे बाजूला काढल्यावर हातात ‘कादंबरी’ हा एकच शब्द उरतो.

अभिप्रायात मध्येच तीन टिंबे दिसली तर तेथे काय गाळले असेल, हा प्रश्न विचारावा, कारण ‘पण’ ने सुरू होणारा भाग तेथेच गळलेला असण्याचा संभव असतो. ‘पुरस्कारप्राप्त’ हे विशेषण लेखकाला लावले आहे की हातातल्या पुस्तकाला, तेही तपासावे. साहित्य अकादमी पुरस्कार विशिष्ट पुस्तकाला मिळतो आणि त्याच लेखकाच्या पुढच्या प्रत्येक पुस्तकाला तो आपोआप लागू होत नाही. ‘तिसरी आवृत्ती’ वाचून भारावू नये, कारण प्रत्येक आवृत्तीच्या प्रती किती काढल्या, ते बहुधा छापलेले नसते.

यानंतर पुस्तक उघडावे. मालवणच्या बाजारात सुरमई घेणारी बाई कोळणीच्या शब्दांवर न थांबता कल्ले उचलून आतला रंग पाहते, तसे मधलेच कोणतेही पान काढून सलग दोन पाने वाचावीत. पहिले पान घेऊ नये, कारण त्यावर लेखकाने सर्वाधिक मेहनत घेतलेली असते. मधल्या पानावर माणसे खऱ्यासारखी बोलतात का, संवाद मालवणी असेल तर तो कानाला घरचा वाटतो का, आणि एखादी वस्तू किंवा काम लेखकाने जवळून पाहिलेले आहे का, एवढे कळले तरी निवडीला आधार मिळतो. उलट, मलपृष्ठ कोरे आहे म्हणून पुस्तक बाजूला टाकू नये. मालगुंडच्या केशवसुतांचा कवितासंग्रह त्यांच्या हयातीत निघालाच नाही. १९०५ साली ते गेले, आणि आधुनिक मराठी कवितेचे जनकपद त्यांना दिले ते त्यांच्या कवितेनेच.

गावातल्या नवोदिताने आपल्यालाच अभिप्राय मागितला, तर नकार देण्यापेक्षा नीट लिहून देणे मी अधिक चांगले मानतो, कारण त्या मुलाला किंवा मुलीला त्याची खरी गरज असते. अशा वेळी विशेषणाऐवजी माहिती लिहावी. समजा, पुस्तक रापणकरांवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून मासे पकडणाऱ्यांवर आहे, तर ‘यांत्रिक बोटींची पर्ससीन जाळी आल्यावर एका रापणीतल्या दोन भावांत पडलेली फूट लेखकाने धाकट्याच्या तोंडून सांगितली आहे, जाळे ओढण्याचे वर्णन अचूक आहे, शेवटची प्रकरणे मात्र घाईची वाटतात’ असे लिहिता येते. हे वाचून ज्याला असा विषय हवा तो पुस्तक घेतो आणि ज्याला नको तो फसत नाही. मजकूर देताना खाली तारीख घालावी, आणि तो छापायचा असल्यास पूर्ण छापावा, ‘मात्र’ नंतरचा भाग वगळू नये, हे लेखकाकडून आणि प्रकाशकाकडून आधीच लेखी मान्य करून घ्यावे.