ज्वालामुखीची प्रतिकृती: डोंगर सावकाश, उद्रेक मोजून

डोंगराला किमान तीन दिवस द्या. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री केलेला डोंगर आतून ओला राहतो आणि पहिल्याच उद्रेकात खचतो.

अडीचशे मिलीची, अरुंद तोंडाची प्लास्टिकची बाटली 40 सेंमी चौरस प्लायवर मधोमध दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने बसवा. फेविकॉल प्लास्टिकला धरत नाही. गळ्यापासून खाली तिरक्या सात-आठ पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावा आणि पोकळीत रद्दीचे बोळे भरा. दोन मोठे चमचे मैदा एक कप पाण्यात कालवून मंद आचेवर खळ शिजवा. टिकावी म्हणून खळीत मोरचूद घालतात, पण ते विषारी आहे. मुलांच्या कामात अजिबात नको. खळीत बुडवलेल्या कागदाचे तीन थर द्या, आधीचा वाळल्यावरच पुढचा. वरून अर्धा सेंमी शाडू लावा. निव्वळ शाडू वाळताना आकसून तडकतो, म्हणून त्यात मूठभर कागदाचा लगदा मळा आणि सावलीत वाळवा. रंगावर व्हार्निशचा हात हवाच, नाहीतर व्हिनेगर मुरून माती सुटते.

आता उद्रेक. बाटलीत 100 मिली साधं पांढरं व्हिनेगर, एक चमचा भांडी घासायचं लिक्विड आणि खायचा लाल रंग घाला. (हळदीपासून केलेलं कुंकू वापरलंत तर आम्लात ते पिवळं पडतं.) हलकी शीग असलेला चहाचा एक चमचा खाण्याचा सोडा टिश्यू पेपरच्या पुडीत बांधून आत टाका आणि हात मागे घ्या. पुडी भिजेपर्यंत मिळणारे दोन-चार क्षण पुरतात.

चमचा एकच का? चार टक्क्यांच्या 100 मिली व्हिनेगरमध्ये 4 ग्रॅम ॲसेटिक आम्ल असतं. त्याला साधारण 5.6 ग्रॅम सोडा पुरतो आणि दीड लिटरहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्याहून जास्त टाकलेला सोडा तळाशी पांढरा साचून राहतो. उद्रेक मोठा हवा असेल तर व्हिनेगर आणि सोडा दोन्ही त्याच प्रमाणात वाढवा.

फेस नुसताच बुडबुडला, वर आलाच नाही, तर बहुधा बाटलीचं तोंड रुंद असतं किंवा सोड्याऐवजी बेकिंग पावडर पडलेली असते. व्हिनेगर फ्रिजमधलं असेल तरी क्रिया मंदावते. बाटलीला बूच मात्र कधीही लावू नका, वायूच्या दाबाने ती फुटू शकते. नारिंगी अमोनियम डायक्रोमेट जाळून केलेला ज्वालामुखी फार देखणा दिसतो, पण त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे. घरात तो करूच नये.

तक्त्यावर एक गोष्ट स्पष्ट लिहा: खऱ्या ज्वालामुखीत सोडा-व्हिनेगरसारखी क्रिया नसते. शिलारसात विरघळलेली पाण्याची वाफ आणि इतर वायू दाब कमी होताच फुगतात आणि रस वर ढकलतात. प्रतिकृतीशी साम्य आहे ते वायूच्या या ढकलण्यात. शेजारी अंदमानातल्या बॅरन बेटाचा नकाशा लावा. भारतातला जागृत ज्वालामुखी तोच. सह्याद्रीचा काळा बेसॉल्टही दाखवा, पण त्याच्यामागे असा शंकू काढू नका. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा तो लाव्हा मुख्यतः जमिनीच्या लांबलचक भेगांतून थरावर थर वाहत आला.