ग्रीटिंग कार्ड घरी करताय? मग आधी घडीचं बघा

हाताने केलेलं कार्ड कुणी दाखवलं की मी आधी चित्र बघत नाही, घडी बघते. बहुतेक कार्डं तिथेच मार खातात. वर फुलं-बिलं झकास, अक्षर वळणदार, आणि घडीवर कागद तडकून पांढरी रेघ, टेबलावर उभं केलं की एका अंगाला कललेलं. पण जिथे बघावं तिथे "कागद अर्धा दुमडा आणि सजवायला घ्या" एवढंच लिहिलेलं, जशी काही रुमालाची घडी!

सुरुवात पाकिटापासून करा. हो, पाकीट आधी, कार्ड नंतर, नाहीतर सुंदर कार्ड तयार होतं आणि ते कशातच मावत नाही. सोयीचं म्हणजे सी६ पाकीट, ११४ बाय १६२ मिलिमीटर, त्यात ए६ कार्ड (१०५ बाय १४८) आरामात जातं.

कागद २०० ते २५० जीएसएमचा घ्या (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तितका कागद जाड). प्रिंटरचा ८० वाला उभाच राहत नाही, आणि ३०० च्या वर गेलात की हाताने घडी घालणं म्हणजे कुस्ती. गडद रंगाचा घेत असाल तर कोपरा जरासा फाडून बघा, आतून पांढरा निघाला तर तो कागद कार्डाला नको, कारण घडीवर तो पांढरा बाहेर डोकावणारच.

आता घडी. सणाच्या आधी मी एकदा रात्री बसून चाळीस कार्डं दुमडली होती, सगळी तडकली. मला वाटलं कागदच वाईट, महागातला आणला, तोही तडकला. कागदाचा काही दोष नव्हता, मी तो उलट्या दिशेने दुमडत होते. कागद मशीनवर बनतो तेव्हा त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेला लागतात, मशीन पळतं त्या दिशेला, त्याला ग्रेन म्हणतात. घडी ग्रेनच्या बाजूने घातली तर तंतू नुसते सरकतात, ग्रेनला आडवी घातली तर मोडतात. एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती म्हणून चाळीस कार्डं गेली.

ग्रेन ओळखायला कागदाच्या समोरासमोरच्या कडा धरून हलकेच वाकवा, दुमडू नका, मग उरलेल्या दोन कडा धरून तसंच करा. ज्या वेळी कमी जोर लागला त्या वेळी बाकाची रेघ जिकडे जाते, ती ग्रेनची दिशा. कळलं नाही तर एक उभी आणि एक आडवी अशा सारख्या मापाच्या दोन बारीक पट्ट्या कापून एका टोकाने धरा, जी ताठ राहते ती ग्रेनच्या बाजूने कापलेली.

ए४ शीटमध्ये ग्रेन बऱ्याचदा लांबीच्या दिशेने असतं, म्हणजे अख्खं शीट मधोमध दुमडून मोठं कार्ड केलंत की घडी ग्रेनला आडवीच पडते. तेच शीट आधी मधोमध कापून दोन ए५ तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा दुमडा, घडी बरोबर ग्रेनच्या बाजूने येते, एका शीटात दोन कार्डं होतात आणि सी६ पाकिटातही बसतात. मी मोठी कार्डं करणं सोडूनच दिलंय.

दुमडायच्या आधी रेघ दाबून घ्यायची, हे टाळू नका. बॉलपेनची संपलेली रिफील सगळ्यात भारी, खाली जुनं मासिक ठेवा म्हणजे कागद जरा दबेल, कार्डाची बाहेरची बाजू वर ठेवा, स्टीलची पट्टी धरा आणि हलक्या हाताने दोन-तीनदा ओढा, एकदाच जोर लावून नाही. कटरने अर्धवट कापून घ्या म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, ते कार्ड चार वेळा उघडलं की दोन तुकडे.

आणि इथे जवळपास सगळे चुकतात, मीही कितीतरी दिवस चुकत होते. रेघ दाबली की एका बाजूला खाच पडते, दुसऱ्या बाजूला बारीक उंचवटा येतो. हात आपोआप खाचेच्या आत दुमडायला जातो. तसं नाही! उंचवटा घडीच्या आत, खाच बाहेर. घडीत बाहेरचा पृष्ठभाग ताणला जातो, खाचेमुळे त्याला थोडी ढील मिळते आणि तो तडकत नाही. एका रद्दी तुकड्यावर दोन्ही प्रकारे दुमडून बघा, मग माझ्याशी भांडायला या. शेवटी घडीवर साधा कागद ठेवून चमच्याच्या पाठीने दाबा, थेट घासलंत तर चकाकी येते.

बाकी सोपं आहे. चित्र वेगळ्या तुकड्यावर काढून, तो ९५ बाय १३८ मिलिमीटरचा कापून वर चिकटवा, चारी बाजूंना ५ मिलिमीटरची चौकट आपोआप दिसते, चित्र बिघडलं तर कार्ड वाया जात नाही. आतला मजकूरही तसाच, वेगळ्या पातळ कागदावर, नाहीतर वाढदिवसाच्या कार्डावर नावाची वेलांटी चुकली की रडू येतं. चिकटवायला डबल साइडेड टेप, पातळ गोंद नको, त्यातल्या पाण्याने कागद फुगून वाकडा होतो. ग्लिटर अजिबात नको, महिनाभर घरभर सापडत राहतं.

मणी-बटणं लावली असतील तर पाकीट चिकटवायच्या आधी वरून बोट फिरवून बघा, टोचत असेल तर काढून टाका, प्रवासात ते पाकीट फाडून बाहेर येतं.