माहिती प्रश्नाला धरून आहे का, हे कसे तपासावे

कोणतीही माहिती स्वतःहून प्रस्तुत किंवा अप्रस्तुत नसते. प्रश्न ठरला की मगच ती तशी ठरते. म्हणून शोधाशोध करण्याआधी प्रश्न एका वाक्यात लिहून काढा. ‘विहिरीचे पाणी’ हा नुसता विषय झाला. ‘या विहिरीचे पाणी उकळले की पिण्याजोगे होईल का?’ हा प्रश्न. विषय धरून निवड केली तर सगळेच कामाचे वाटते, आणि बहुतेक अहवाल तिथेच फुगतात.

मग प्रत्येक मुद्द्याला एकच कसोटी लावा: हा मुद्दा खोटा निघाला तर उत्तर बदलेल का? उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट (खतांतून पाण्यात उतरणारा अपायकारक क्षार) जात नाही. उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. हा मुद्दा उत्तरच फिरवतो, तो हवाच. विहीर किती जुनी, याने एरवी काही बिघडत नाही. मात्र जुन्या कठड्याच्या भेगांतून शेतातले खतमिश्रित पाणी आत झिरपते, हे दाखवता आले तर विहिरीचे वयही प्रस्तुत होते. असा दुवा स्पष्ट लिहा. वाचक तो आपणहून जोडेल, या भरवशावर राहू नका.

नुसत्या ‘हो-नाही’पेक्षा ० (असंबद्ध), १ (पूरक), २ (निर्णायक) असे गुण द्या. तीच गोष्ट सांगणारा दुसरा कागद विषयाला धरून असला, तरी पुरावा म्हणून नवे काही देत नसेल तर त्याला १ पुरे.

डॅन स्पर्बर आणि डिअर्ड्रे विल्सन या संवादाच्या अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडलेल्या प्रस्तुततेच्या सिद्धांतात श्रमही मोजले जातात: समजून घ्यायला जितके कष्ट जास्त, तितकी प्रस्तुतता कमी. एका आकड्यासाठी तीन पाने वाचायला लावू नका.

साहित्य मोठे असेल तर निवडीची दोन मापे घ्या. निवडलेल्या ४० कागदांपैकी ३० कामाचे निघाले, तर अचूकता ७५ टक्के. पण एकूण कामाचे ६० होते, म्हणजे निम्मे हातचे सुटले: कामाच्यांपैकी किती सापडले, हे दुसरे माप ५० टक्के. गाळणी घट्ट केली की सहसा दुसरे माप घसरते. सुटलेला कागद महागात पडणार असेल तर ती सैलच ठेवा.

शेवटी २० कागद दुसऱ्या व्यक्तीकडून, तुमचे गुण न दाखवता, तपासून घ्या. बरेच गुण जुळले नाहीत तर आधी प्रश्नाचे वाक्य तपासा. ते बदलले, तर जुने गुण रद्द करून पुन्हा द्या.