लहान खोलीसाठी फ्युटॉनची गादी: आधी दिवसाचं माप घ्या

मी गाद्यांच्या खोळी शिवते. त्यामुळे कोणाच्या घरात काय मावत नाही, हे मला त्यांच्या नातेवाइकांआधी कळतं. खोळीसाठी माप मागितलं की बरेच जण वेष्टनावरचा आकडा वाचून दाखवतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "ही दिवसा उभी करून ठेवली तर चालेल ना हो? पसरली की दारच उघडत नाही."

फ्युटॉन, म्हणजे दिवसा घडी घालून किंवा सोफा करून ठेवायची गादी, निवडताना सगळे झोपायचं माप बघतात, आणि तिथेच गडबड होते. गादी पसरलेली असते रात्रीचे सात-आठ तास. उरलेले सोळा तास ती घडी होऊन किंवा सोफा बनून खोलीत ठाण मांडून बसते. मोठ्या घरात याने फरक पडत नाही. लहान खोलीत मात्र घडीची जागा आधी ठरवायची आणि मग त्या जागेत बसेल तेवढीच गादी घ्यायची, हा माझा हट्ट आहे.

आधी एक गोष्ट नक्की करा: गादी जमिनीवर घालणार की सोफा होणाऱ्या चौकटीवर? दोन्हींना फ्युटॉनच म्हणतात, पण त्यांची मापं आणि अडचणी अगदी वेगळ्या आहेत.

जमिनीवरची, म्हणजे जपानी पद्धतीची गादी पातळ असते, साधारण ५ ते १० सेंटिमीटर. सिंगल १०० सेंटिमीटर रुंद, सेमी-डबल १२०, डबल १४०. लांबी २०० ते २१०. सकाळी तिची तीन पदरी घडी घालून कपाटात ठेवायची. आता गणित करा. २०० सेंटिमीटरचे तीन भाग म्हणजे घडी साधारण ६७ सेंटिमीटर खोल आणि १०० रुंद. जपानी घरांत अंथरुणासाठी भिंतीत केलेलं कपाट ८०-९० सेंटिमीटर खोल असतं, त्यात ही घडी आरामात जाते. आपलं कपड्यांचं कपाट बहुतेक वेळा ५५ ते ६० सेंटिमीटर खोल असतं. घडी निदान सात सेंटिमीटर बाहेर राहते आणि दार काही लागत नाही. एवढ्याशा सात सेंटिमीटरपायी लोक वर्षानुवर्षं कपाटाचं दार अर्धवट उघडं ठेवून राहतात, मी पाहिलंय.

कपाट उथळ असेल तर गादी चार पदरी घालावी लागेल. तशी घडी ५० सेंटिमीटर खोल होते, पण उंची वाढते. ८ सेंटिमीटरच्या गादीचे चार पदर म्हणजे ३२, आणि वळणाच्या जागी कापूस फुगतो म्हणून हिशेबात ३५-४० धरा. कपाटातला खण तेवढा उंच आहे का, ते टेप लावून बघा. १० सेंटिमीटरची गादी चार पदरी घालायचा विचार मात्र सोडून द्या. ती घडी राहत नाही, उलगडून अंगावर येते.

चौकटीवरच्या गाद्यांची मापं इंचांत सांगतात. ट्विन ३९ बाय ७५, फुल ५४ बाय ७५, क्वीन ६० बाय ८०. इथे एक गोष्ट दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. चौकट दोन पदरी आहे की तीन पदरी, म्हणजे गादी दोन भागांत मिटते की तीन, यावर गादी खोलीत कुठल्या दिशेला पसरणार हे ठरतं. फुल मापाची दोन पदरी चौकट घ्या. तिच्यात ७५ इंच ही सोफ्याची लांबी. सोफ्याचे दोन्ही हात मोजले तर भिंतीची सात फूट जागा जाते, पण उघडल्यावर ती खोलीत फक्त ५४ इंच पुढे येते. तीच गादी तीन पदरी चौकटीवर घातली की सोफा ५४ इंचांचा, म्हणजे छोट्या भिंतीला मावणारा. पण रात्री ती ७५ इंच, सव्वासहा फूट, खोलीच्या मधोमध लांब होते. म्हणजे भिंत आखूड आणि समोर जागा भरपूर असेल तर तीन पदरी. खोली अरुंद आणि लांब असेल तर दोन पदरी. गादी एकच, फक्त चौकट बदलली की खोलीत मावते किंवा मावत नाही.

उंच माणसांनी आणखी एक बघावं. दोन पदरी चौकटीत झोपताना सोफ्याचे हात उशाला आणि पायथ्याशी येतात. साध्या पलंगावर पाय दोन इंच बाहेर गेले तर काही बिघडत नाही. इथे ते लाकडावर आपटतात. म्हणून लांबीत तडजोड नको: तुमची उंची अधिक निदान सहा इंच. ७५ इंचांची गादी पाच फूट नऊ इंचांपर्यंतच्या माणसाला पुरते, त्याहून उंच असाल तर ८० इंच बघा. जागा वाचवायचीच असेल तर रुंदीत वाचवा.

रुंदीत किती वाचवता येते? एकट्याला ३९ इंच पुरतात, कूस बदलता येते. दोघांना ५४ इंच म्हणजे प्रत्येकी २७, तान्ह्या बाळाच्या क्रिबमधल्या गादीची रुंदी साधारण तेवढीच असते. पाहुण्यांना दोन रात्री ठीक आहे. रोज दोघांनी त्यावर झोपायचं असेल तर महिनाभरात एक जण जमिनीवर उतरेल. दोघांसाठी आणि खोली लहान, असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं: जमिनीवरची डबल घेऊ नका, १०० सेंटिमीटरच्या दोन सिंगल घ्या. शेजारी लावल्या की दोन मीटर रुंदी मिळते. मध्ये फट पडते हे खरं, पण दोन्हींवरून एकच मोठी चादर ताणून खोचली की ती जाणवत नाही. दोन घड्या दोन जागी ठेवता येतात, प्रत्येक घडी एकट्याला उचलता येते आणि घरात एकच जण असेल तेव्हा दुसरी बाहेर काढावीच लागत नाही.

उचलण्याचा मुद्दा गंमत म्हणून सांगत नाही. अंगातला ओलावा रात्रभर गादीतून खाली उतरतो. गार जमिनीवर तो अडकतो आणि गादी तशीच पडून राहिली तर खालून बुरशी धरते. ज्या खोळी माझ्याकडे काळे ठिपके घेऊन येतात, त्यांचे ठिपके बहुधा खालच्या बाजूलाच असतात. म्हणून जमिनीवरची गादी रोज सकाळी उचलून थोडा वेळ उभी किंवा तंबूसारखी ठेवायची, खालून वारा लागू द्यायचा आणि मगच घडी घालायची. आता आठ इंच जाडीची, गच्च कापूस भरलेली क्वीन गादी रोज सकाळी एकट्याने उचलून बघा. नाही उचलली जात. म्हणजे ती कायम पसरलेली राहणार. मग साधा पलंग काय वाईट, निदान खाली सामान तरी राहतं. दुकानात गादीवर आडवं होऊन बघणारे खूप असतात. एक टोक धरून गादी उचलून बघणारा क्वचितच दिसतो. तुम्ही बघा. गादी आपली आपल्याला उचलता आली नाही तर एक माप खाली या.

जाडी हे तिसरं माप. लांबी-रुंदी सगळे विचारतात, जाडी मात्र मऊपणाच्या नादात ठरवली जाते. चौकटीवर दोन पदरीला सहा ते आठ इंच ठीक. तीन पदरीला सहाच्या आसपास राहा, नाहीतर वळणं नीट बसत नाहीत आणि गादी सारखी पुढे घसरते. जाड गादी बसायची जागाही खाते. फुल मापाच्या दोन पदरी चौकटीत बैठक ढोबळ मानाने २७ इंच खोल. पाठीकडची गादी आठ इंच जाड असेल तर त्यातले आठ इंच तिने घेतले. तुमच्या मांड्यांना उरले एकोणीस. सहा इंची गादीत एकवीस उरतात आणि तिथे माणूस आरामात टेकून बसतो. जमिनीवर झोपणाऱ्याने मात्र फार पातळही घेऊ नये. कुशीवर झोपत असाल तर ५ सेंटिमीटरमधून जमीन कमरेच्या हाडाला लागते. ८ ते १० घ्या, किंवा खाली पातळ घडीची चटई घाला. कापूस वापराने दबतो, तेही लक्षात ठेवा.

आता खोली. आकडे कागदावर मांडण्यापेक्षा जमिनीवर मांडा. गादीच्या मापाची चादर घडी घालून पसरा, कडेने कागदी चिकटपट्टी लावा आणि रात्रभर ती आखणी तशीच ठेवून वावरा. अंधारात पाणी प्यायला उठा. कपाट उघडा, खण ओढा, दार पूर्ण लोटा.

समजा खोली आठ बाय दहा फूट. दहा फुटी भिंतीला २२ इंच खोल कपाट, समोरच्या भिंतीला फ्युटॉन. आठ फूट म्हणजे ९६ इंच. फुल मापाची दोन पदरी चौकट उघडली की ५४ इंच. शिवाय बऱ्याच चौकटी उघडताना भिंतीपासून पाच-सहा इंच पुढे ओढाव्या लागतात, म्हणजे ६०. कपाटाचे २२ गेले. उरले १४ इंच. अठरा इंच रुंदीचं कपाटाचं दार रात्री उघडणारच नाही, आणि आडवं चालल्याशिवाय दुसऱ्या टोकाला जाता येणार नाही. त्याच जागी १०० सेंटिमीटरची, म्हणजे साधारण ३९ इंचांची जमिनीवरची गादी घातली की ३५ इंच उरतात. दार उघडतं, माणूस उभा राहतो. चालायला दोन फुटांची वाट हवीच, त्याहून कमी वाट सोडली तर पहिल्याच रात्री पायाची करंगळी कुठेतरी आपटेल.

भिंतीच्या तळाशी पट्टी असेल तर टेप तिच्यापासून लावा, भिंतीपासून नको. प्लगचं ठिकाण बघा, गादीमागे दडलेला प्लग रोज छळतो. जिन्याचं वळण आणि दाराची रुंदी बघायचीही गरज असते, पण गुंडाळून येणाऱ्या गाद्यांना ती फारशी पडत नाही.

गुंडाळून, हवा काढून आलेली गादी लगेच मापू नका. तिला एक-दोन दिवस पसरून फुगू द्या आणि मग लांबी, रुंदी, जाडी स्वतः मोजा. वेष्टनावरच्या आकड्यात इंचभर इकडेतिकडे सर्रास निघतं. खोळीचं माप त्यानंतरच द्यायचं, आणि चेन लांब बाजूला मागायची. आखूड बाजूला चेन लावली की आठ इंची गादी खोळीत घालायला दोन माणसं लागतात. खोळ फार ताणून बसणारी शिवू नका. घट्ट खोळीत गादीला वळायला वाव मिळत नाही, घडी वर उघडत राहते आणि पहिली शिवण उसवते ती वळणावरचीच.