जुनी व्हॅन सेल्फ घेत नाही? बदलण्याआधी मोजा

सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी स्टार्टर मोटर) लागत नसला की नवशिका आधी बॅटरी बदलतो, मग सेल्फ, मग बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर. एवढा खर्च झाल्यावर दोष निघतो अर्थच्या, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह इंजिन-बॉडीला जोडणाऱ्या, गंजलेल्या पट्टीत. म्हणून पान्याआधी मल्टिमीटर हातात घ्यायची सवय लावा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि कुठलीही जाड वायर सोडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, एवढं कायम पाळा.

सुरुवात कानापासून. चावी फिरवल्यावर भराभर कट-कट-कट आवाज येतो? लोड पडताच व्होल्टेज कोसळतंय, सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) धरतो आणि सोडतो. बॅटरी उतरलीये किंवा टर्मिनल ढिलं आहे. एकच दणदणीत ‘टक’ होऊन शांतता असेल, तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेत, कार्बन ब्रश झिजलेत किंवा जाड केबल खराब आहे. काहीच आवाज नसेल, तर सोलेनॉइडला जाणारी बारीक वायर आणि इग्निशन स्विच बघा.

बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत मोजावी. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, त्याशिवाय पुढची कुठलीही चाचणी खरी येत नाही. गाडी नुकतीच बंद केली असेल तर आकडा फुगलेला दिसतो. दोन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, मग मोजा. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये.

आता सगळ्यात उपयोगाची चाचणी. इंजिन चालू होणार नाही अशी सोय करा. डिझेलमध्ये पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल चालू-बंद करणाऱ्या झडपेची) वायर काढली की झालं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर, क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खुंटीवर. काळं टोक सेल्फच्या जाड केबलच्या बोल्टवर. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर तेवढं व्होल्टेज वाटेतच खाल्लं जातंय. मग निगेटिव्ह खुंटी आणि इंजिनचा उघडा धातू यांच्यात तसंच मोजा, इथे ०.२ च्या आसपासच दिसायला हवं.

हेच काम ओहमवर का करत नाहीत? मीटर वायरमधून नगण्य करंट सोडतो. केबलच्या चार तारा शिल्लक असल्या तरी तो ‘ठीक’ म्हणतो. पण सेल्फ २०० अँपिअर ओढत असेल, तर ०.०१ ओहमचा जादा रोधही २ व्होल्ट गिळतो. लगजवळचं (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीजवळचं) रबर थोडं सोलून बघा. आत लालसर चमकदार तांबं हवं. हिरवी-पांढरी भुकटी निघाली आणि तारा बोटात तुटल्या, तर चकाकी दिसेपर्यंत केबल कापून नवा लग क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा. लांबी पुरत नसेल तर केबलच बदला.

अर्थची पट्टी खराब असेल तर करंट परतीला दुसरी वाट शोधतो, कधी ॲक्सिलरेटरची केबल गरम होते. जम्पर केबलने बॅटरीची निगेटिव्ह थेट इंजिन ब्लॉकला जोडा. सेल्फ जोरात फिरला, तर चोर सापडला.

सेल्फ छान फिरतो पण डिझेल इंजिन पकडत नसेल, तर चावी ऑन असताना स्टॉप सोलेनॉइडला १२ व्होल्ट येतात का बघा. हीटर प्लगची (थंड इंजिन चालू होताना आत उष्णता देणाऱ्या प्लगची) वायर काढून प्लग ते बॉडी मोजा: सहसा १ ओहमच्या आसपास येतं. सर्किट ओपन दाखवलं, तर प्लग मेला.

गाडी चालू झाली पण बॅटरी पुन्हा उतरते? चालू इंजिनवर बॅटरीला १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. आणि एक नेहमी निसटणारी गोष्ट: अनेक जुन्या गाड्यांत चार्जिंगच्या दिव्यातूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. चावी ऑन केल्यावर तो दिवा लागत नसेल, तर अल्टरनेटर उतरवण्याआधी बल्ब आणि त्याची वायर तपासा.

चार्जिंग ठीक असूनही रात्रीत बॅटरी बसत असेल, तर निगेटिव्ह खुंटी आणि केबल यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरवर लावा. सगळं बंद असताना ५० मिलिअँपिअरच्या आत असावं. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडला, दोष त्या लाइनवर. व्हॅनमध्ये मागच्या दाराच्या बिजागरीपाशी वाकणारी वायरिंग आधी बघा, तिथलं रबर हमखास तडकतं. मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज तत्क्षणी उडेल.